घरशाळावाले, दुपारी दोन ते चार तुम्ही काय करता?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचत) आहे, पण धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

घरशाळा (मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणं) चांगली की वाईट, हा वाद इथे आधी होऊन गेलाय, तो परत नको. माझा प्रश्न फक्त दोन तासांचा आहे.

आम्ही नाशिकला. थोरली साडेसात वर्षांची, धाकटा चार. नवरा अंबडच्या कारखान्यात, पाळी बदलती. साबा (सासूबाई) आमच्याजवळच असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मी घरून तीन दुकानांचे हिशेब आणि जीएसटी बघते. थोरली पहिलीपर्यंत शाळेत होती. रोज सकाळी पोटात दुखायचं, रविवारी मात्र नाही. डॉक्टर झाले, शाळेत भेटून झालं, दृष्टही काढून झाली. मग शाळेतून काढली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचा आता कंटाळा आलाय. 'आज सुट्टी का गं?' असं कोणी विचारलं की ती स्वतःच 'माझी शाळा बंद पडली' म्हणून मोकळी होते. लोक मला हळहळून बघतात.

सकाळ झकास जाते. साबांबरोबर खाली फुलं तोडायला, मग नऊ ते साडेदहा वह्या-पुस्तकं. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, ती आहेतच. पण खरं शिकणं भलतीकडेच होतं. वाचायला ती शिकली एसटीच्या पाट्यांवर. जुन्या सीबीएस बसस्थानकावर आत्याची बस तासभर उशिरा होती. तेवढ्या वेळात सिन्नर, पेठ, इगतपुरी वाचून झालं आणि 'त्र्यंबकेश्वर'ला गाडी अडली. त, त्याला र, त्याला य, वर टिंब. 'एका अक्षरात इतकी माणसं कशी बसली?' म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात जोडाक्षराला शेअर रिक्षा म्हणतात.

गाडं अडतं ते जेवणानंतर. दोन वाजता साबा आडव्या होतात. धाकटा कधी झोपतो, कधी नाही. माझ्या कामाची वेळ हीच, कारण दुकानदार दुपारी निवांत असतात आणि बिलांचे फोटो तेव्हाच धाडतात. सोसायटीतली पोरं शाळा आणि शिकवणी आटोपून साडेपाचला खाली येतात. म्हणजे दोन ते चार थोरलीला कोणीच नाही. 'आई, आता काय करू?' चित्र काढ. काढलं. गोष्ट वाच. वाचली. शेवटी मी मोबाइल हातात देते आणि रात्रीपर्यंत मनाला खात राहतं. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी तर (जीएसटीवाल्यांना कळेल) घरशाळेला सरळ सुट्टी असते. मोबाइलला नसते.

तुमच्याकडे काय चालतं? आदर्श वेळापत्रक नको. खरं सांगा.

चकलीचा_सोऱ्या

खरं सांगू? आरडाओरडा चालतो.

पुण्यात आहोत, दोन मुलगे, नऊ आणि सहा. आम्ही वेळापत्रकं बरीच केली, रंगीत खडूंनी, फ्रिजवर लावून. फ्रिज तेवढा छान दिसला. टिकलं ते एकच: दोननंतर ओटा त्यांचा. गॅस, मिक्सर, विळी बंद. कांदा-कोथिंबीर मी सकाळीच चिरून ठेवते. भेळ करा, कोशिंबीर करा, सरबत करा, पण ओटा पुसल्याशिवाय खायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मिठाचं सरबत झालं. ते कोणी प्यायलं नाही म्हणून गुपचूप तुळशीला घातलं. तुळस गेली. पण मागच्या महिन्यात थोरल्यानं चौघांचे दडपे पोहे सहा जणांना केले. पोहे दीडपट, खोबरं दीडपट, दाणे दीडपट. अपूर्णांक मी अजून शिकवलेले नाहीत. मिरच्याही दीडपटच घातल्या, पाहुणे रडत रडत जेवले.

उंटावरचा_शहाणा

वाद नको म्हणालात तरी दोन शब्द बोलतो, दिवा घ्या (म्हणजे हलकंच घ्या).

तुमच्याकडे घरी राहून करता येणारं काम आहे, शिकलेली सासू आहे, नेट आहे. माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायची. शाळा होती म्हणून मला दुपारी खिचडी मिळाली आणि आईला कामाला जाता आलं. घरशाळा ही ज्यांना परवडते त्यांची गोष्ट आहे. त्यात 'दुपारी काय करू' हा प्रश्न पडणं म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटावर बसून लोणचं कुठंय विचारणं.

दुसरं, पोर रोज फक्त आई-आजीच्या तोंडाकडे बघत मोठी झाली, तर भांडायला कुठे शिकणार? मी मधल्या सुट्टीत जितकं शिकलो, तितकं तासाला नाही शिकलो.

गोदाकाठ

शहाणे, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. परवडतं म्हणूनच करतोय, आणि उद्या माझं काम सुटलं तर पोरीला शाळेत घालावं लागेल हेही माहीत आहे. लोणच्याचं मात्र वाईट वाटलं. ते ताट मीच वाढते, मीच घासते.

भांडायची काळजी नको. धाकटा आहे.

खडू_आणि_डस्टर

मी जि. प. शिक्षिका, जिल्हा सांगत नाही. कायद्याचं थोडं सांगते, कारण दर वेळी यावर अफवाच जास्त ऐकू येतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. न घातलं तर पालकाला दंड किंवा शिक्षा मात्र त्या कायद्यात लिहिलेली नाही. घरशाळेला परवानगी आहे असंही तिथे नाही आणि बंदी आहे असंही नाही. तुम्ही सगळे या फटीत राहता. कलम ४ मात्र पाठ करून ठेवा: सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल, तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि बरोबरीला येण्यासाठी वेगळं शिकवण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे तुमची लेक उद्या परत आली तर आम्ही तिला पहिलीत नाही बसवायचं. परीक्षांचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीची पातळी असते, आणि दहावीला तिथे १४ वर्षं पूर्ण लागतात. घाई नाही.

आता मनातलं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांची एका दिवसात पाहणी झाली होती, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची. आम्ही वस्त्या, सिग्नल, रस्त्याकडेची पालं पालथी घातली. एका बंगल्यात दोन मुलं घरी सापडली. आई म्हणाली, आम्ही घरीच शिकवतो. मुलगा मला हाताला धरून गच्चीत त्यानं लावलेली वांगी दाखवायला घेऊन गेला. रकाना होता 'शाळेत न जाण्याचे कारण'. मी पाच मिनिटं पेन घेऊन उभी होते. काय लिहिलं ते सांगत नाही.

आमच्याकडे पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, हेही जाताजाता लक्षात असू द्या. रागानं नाही म्हणत.

एल्बेकाठची

हॅम्बुर्गहून. इथे घरशाळेला परवानगीच नाही. शाळेत जाणं सक्तीचं, दंड होतो, प्रकरण कोर्टापर्यंत जातं. त्यामुळे या धाग्यावर माझं काय काम, असं वाटेल. पण इथली प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी एकच्या सुमाराला सुटते! जेवून दोन वाजता पोर घरी, आणि प्रश्न अगदी तुमचाच.

आमचे दोन ते चार मराठीचे. म्हणजे ठरवलंय तसं. लेकीला जर्मन आकडे येतात, त्यात आधी एकक मग दशक: सत्तावीस म्हणजे 'सात आणि वीस'. मला वाटलं, अरे वा, मराठीसारखंच, सोपं जाईल. एकोणतीसला घोडं पेंड खायला लागलं. 'तीस अजून आलेच नाहीत तर त्यांचं नाव आधी कशाला?' म्हणते.

गोदाकाठ

अगदी! आमच्याकडे एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणजे रोजची लढाई. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा मी हसणाऱ्यांत होते. आता हसत नाही. साबा अजून हसतात.

पेन्शनर

वय ७२. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की दुपारी दोन ते चार मलाही काही काम नसतं.

आमच्या लहानपणी पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. वरती ते दडपे पोहे करणाऱ्या मुलाला सांगा, तू दिडकी म्हणालास. वाण्याकडे चिपटं-मापटं चाले. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. दुपट्टीनं कसं वाढतं ते आम्हाला कोणी शिकवलं नाही, डाळ मोजताना कळलं.

मुलीला चल्लस आठ शिकवा. खडूनं पाच बाय पाचचा पट आखायचा. चार चिंचोके उभे फोडून घ्यायचे, एक अंग काळं, एक पांढरं. टाकायचे आणि पांढरे मोजायचे. सगळे उताणे पडले तर चार, सगळे पालथे पडले तर आठ. एकटीलाही खेळता येतं, डाव्या हातानं उजव्याविरुद्ध. मी खेळतो.

फिली_वहिनी

पेन्सिल्व्हेनियात आहोत, मुलं आठ आणि पाच. इथे घरशाळा कायदेशीर, पण कागदपत्रं फार. पोर सहा वर्षांचं झालं की दरवर्षी १ ऑगस्टच्या आत प्रतिज्ञापत्र, वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास, काय शिकवलं त्याची नोंदवही, मुलाच्या कामाचा संच, आणि वर्षाअखेरी परीक्षक मुलाशी बोलून, संच बघून दाखला देणार. नदी ओलांडून न्यू जर्सीत जा, काही कळवायचीसुद्धा गरज नाही. माझी जाऊ तिकडे, मी इकडे. दिवाळीला ती आरामात चकल्या तळते आणि मी नोंदवही लिहिते.

पण त्या वहीनंच मला वाचवलं. आधी सकाळी लिहायचे, आज काय करणार. संध्याकाळी ते वाचून रडू यायचं. मग उलटं केलं. रात्री लिहायचं, काय झालं. 'पोळ्या तीन लाटल्या, त्यातली एक भारताच्या नकाशासारखी, गुजरात तुटला.' 'दीड तास पाईपात मुंगी का शिरते ते बघितलं.' दुपारी मला जे वाया गेलं वाटायचं, त्याच तासांनी वही भरते. सासूबाई भारतातून विचारतात, 'काय शिकवलंस?' मी पानाचा फोटो पाठवते. हल्ली त्याच विचारतात, 'मुंगीचं पुढे काय झालं?'

उंटावरचा_शहाणा

मुंगीचं पुढे काय झालं?

फिली_वहिनी

पाईपातून पलीकडे निघाली. पलीकडे साखरेचा डबा होता.

गोदाकाठ

पंधरा दिवसांनी येतेय. २० तारीख होती, समजून घ्या.

आधी फजिती. ओटा दिला. पहिल्या दिवशी भेळ. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं चुरमुऱ्यांचा डबा डोक्यावर ओतून 'पाऊस' केला आणि साबांची झोपमोड झाली. ओटा तूर्त बंद. नोंदवही सुरू आहे, पण दोन ते चारच्या रकान्यात चार दिवस मी प्रामाणिकपणे 'मोबाइल' लिहिलं. लिहून बघितल्यावर जास्त बोचतं, हे मात्र खरं.

मग हा धागा मी साबांना वाचून दाखवला. इथे सगळे आपापलं सांगताहेत आणि ज्यांनी चौतीस वर्षं शिकवलं त्या माणसाला मी विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं नव्हतं असं नाही, विचारायची भीती वाटत होती. शाळेतून नाव काढलं तेव्हा त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. 'मी लोकांच्या दारोदार फिरून पोरं शाळेत आणली, आणि माझ्याच घरातली...' एवढंच म्हणून आत गेल्या होत्या.

तर ऐकून झाल्यावर म्हणाल्या, 'अगं, हा तुझा प्रश्न मला रोज पडायचा. सुरगाण्याकडे द्विशिक्षकी शाळा. दुसरे गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की पहिली ते चौथी एकटी माझ्याकडे. एका वर्गाला पाठ द्यायचा तर बाकीचे तीन वर्ग तासभर काय करणार?' मी म्हटलं, काय करायचे? त्या म्हणाल्या, 'तू काम देतेस ते दहा मिनिटांत संपणारं देतेस. चित्र काढ. काढलं. मग ती तुझ्याकडे येणारच. असं द्यायचं, की उद्याही उरेल. आणि मधे बघायला जायचं नाही. तू दर थोड्या वेळानं डोकावतेस, मग तिला वाटतं आता बाईंनी बोलावलं.'

खरंच डोकावते हो मी. मोबाइल देताना नाही डोकावत, बाकी सगळ्या वेळी डोकावते.

त्यांनी थोरलीला काम दिलं: खिडकीच्या कठड्यावर पेन्सिल उभी करायची आणि तिच्या सावलीचं टोक दर पाव तासानं खडूनं मांडायचं. रोज. झोपायच्या आधी घड्याळ तिच्यापुढे ठेवून आडव्या झाल्या. चार दिवसांत तिला कळलं की सावली सरकते तशी वाढतेही. पाचव्या दिवशी जेवणाआधीपासून मांडायला बसली आणि तावातावाने आली, 'आजी, बाराला सावली सगळ्यात लहान नाही! साडेबाराला आहे!' साबा उठून बसल्या. मी बिलं सोडून गेले.

मग जेवताना तिघींनी नकाशा काढला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, नाशिक त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या मधे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. भागाकार तिला येत नाही, चार-चार मोजत गेली. मेमध्ये २० तारखेच्या आसपास आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली जाते, हे साबांनी सांगितलं. जुलैतही एकदा जाते म्हणे, पण तेव्हा ढग असतात. आता तिला मे कधी येतो असं झालंय.

मी तेवढ्या वेळात सव्वा तास सलग काम केलं. सव्वा तास! धाकटा काय करत होता ते कृपया विचारू नका. (खडू खात होता.)

चकलीचा_सोऱ्या

'असं द्यायचं, की उद्याही उरेल.' हे फ्रिजवर लावते, वेळापत्रक काढून.

खडू_आणि_डस्टर

काकूंना नमस्कार सांगा. चार वर्ग एकटीनं सांभाळलेल्या बाईला घड्याळ लागत नाही, आवाजावरून कळतं कुठला वर्ग मोकळा झाला. आमच्या नव्या मुलांना हे शिकवणारं कोणी उरलं नाही. आठवड्यातून एकदा दुपारी त्यांना आमच्या शाळेकडे येऊ देता का? गंमत नाही करत. तुमच्या लेकीलाही घेऊन या, पटावर नको, नुसती. मधली सुट्टी मिळेल तिला.

गोदाकाठ

वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. कपाट उघडून इस्त्रीची सुती साडी बघत होत्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुम्हाला.

उंटावरचा_शहाणा

मधल्या सुट्टीचा मुद्दा माझा होता, नोंद घ्यावी.

एल्बेकाठची

पेन्शनर काका, चल्लस आठ करायला घेतलंय. इथे चिंच मिळते ती गोळा करून, बिया काढलेली. चिंचोके कुठून आणू?

पेन्शनर

पिस्त्याची टरफलं घ्या. उताणं-पालथं लगेच कळतं. फक्त पिस्ते आधी कोणी खाल्ले यावरून भांडण होईल, आमच्याकडे झालं.